पुतळ्याच्या कमरेचे मोजे

बोरोस, १६ मे १९७५

गुनेल,

दुसरा मोजाही निघाला. आता कापूस ओढून काढतेय. एक हात शिवणकामाच्या पुतळ्याच्या पोटात आहे आणि दुसऱ्याने हे लिहितेय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

तुझी मापं मंगळवारी मिळाली. वाचून मी चष्मा पुसला. कमर तीन सेंटीमीटरने कमी? दंडसुद्धा? अगं, चर्चमधल्या दीक्षेच्या वर्षापासून तू बारीक होतेयस. दहा वर्षं झाली. त्या हिशोबाने एव्हाना तू टाचणीएवढी उरायला हवी होतीस. कोबीच्या पाण्यावर राहायचा आठवडा आठवतो का? शनिवारी केकची ताटली मांडीवर घेऊन टेबलाखाली कोण सापडलं होतं?

पण कागदावर आलेलं माप शिवायचं, त्याच्याशी भांडायचं नाही, हे मी कपड्यांच्या कारखान्यात पहिल्याच वर्षी शिकले. तुमचं पहिलं गाणं रेडिओवर लागलं तेव्हा लोकरी मोजे, कापूस आणि चिंध्या गुंडाळून मी या पुतळ्यावर तुझं अंग तयार केलं होतं. आता तेच उतरवतेय. कामावरून आले की रोज थोडं.

निळा पोशाख पुढच्या शुक्रवारी काल्मारच्या हॉटेलवर येईल. टिकल्या तू मागितल्यास तेवढ्या नाहीत. तुला गायचंय, दुकानाच्या खिडकीत उभं राहायचं नाहीये.

आणि तुझ्या भावाला सांग, पियानोवर वाकून बसू नकोस. फोटोत दिसतं. तुमची आई गेल्यावर दोघांना वाढवलं ते असं कुबड बघायला नव्हे.

डाग्नी आत्या


काल्मार, २५ मे

प्रिय आत्या,

पोशाख आला आणि सैल आहे! मापं पाठवून पंधरा दिवस झाले नाहीत आणि सैल! आता बोल. पाठीमागे दोन बोटं आरामात जातात. स्टाफानने हॉटेलच्या वाळत घालायच्या दोरीवरून कपड्यांचे दोन चिमटे पळवले आणि मागून लावले. पुढून कुणाला कळत नाही. मी मात्र रात्रभर लोकांकडे पाठ करायची नाही. नाच बंद.

कोबीच्या पाण्याचं तू माझ्या लग्नातही सांगशील. म्हणून मी लग्न करत नाहीये.

इथल्या पेपरात आमच्याबद्दल आलंय. वर मोठ्या अक्षरांत ‘एकव्हाल भावंडं’ छापलंय, खाली आमचा फोटो, आणि त्याखाली हे: ‘भावाचा हात हलका आहे. बहिणीचा आवाज मधासारखा आहे, आणि मध कुठे साठवलाय तेही दिसतं.’ मी खूप हसले. कात्रण कापून पावडरच्या डबीच्या झाकणात आतून चिकटवलंय. रोज सकाळी झाकण उघडलं की दिसतं.

पुढचा पोशाख आणखी दोन सेंटीमीटर आत घे. सैल मला चालणार नाही. म्हणजे चालेल. पण तू शिंपीण आहेस, तुझी अब्रू जाईल.

तुझी टाचणी,
गुनेल


बोरोस, ३० मे

स्टाफान,

हे पत्र तिला दाखवू नकोस. वाच आणि पियानोत टाक. तिथे तसाही तू सगळं टाकतोस.

तिचा पोशाख सैल का झाला ते सांगते. मी सैल शिवला. तिच्याकडे जी टेप आहे ती माझी कारखान्यातली आहे, अकरा वर्षं वापरलेली. कापडी टेप ओढून ओढून लांबते आणि मग माप कमी दाखवते. बोरोसमधल्या शिवणकाम करणाऱ्या कुठल्याही बाईला विचार. म्हणून तिने पाठवलेल्या प्रत्येक मापात मी चार सेंटीमीटर घालते. मागच्या वर्षापासून घालतेय.

तिला सांगायचं नाही. कागदावरचा आकडा बघून ती खूश होते, तर होऊ दे. आकडा तिचा, कापड माझं.

तरी एक विचारते. जेवते ना? एका शब्दात कळव.

आत्या


मोरा, २२ जून

प्रिय आत्या,

हो.

एका शब्दात झालं. आता बाकीचं.

म्हणजे तू घातलेले चार सेंटीमीटर होते तर. मला वाटलं होतं ती खरंच वाळतेय. आता चिमटे लावताना मला काही वाटत नाही. दोनाचे चार झालेत. चार सेंटीमीटरला चार चिमटे, हिशोब बरोबर आहे.

उन्हाळी सणाचं जेवण वाद्यवाल्यांबरोबर इथेच नदीकाठी केलं. हेरिंग मासे, नवे बटाटे, स्ट्रॉबेरीचा केक. सगळ्यांचे बटाटे गुनेलने सोलले, सगळ्यांना तिने वाढलं. स्वतःच्या एका बटाट्याचे आठ तुकडे केले आणि ते ताटभर मांडले. ‘असं केलं की जास्त दिसतं,’ म्हणाली. तिचा केक मी खाल्ला. तिचा केक रोज मीच खातो. परिणामी माझी काळी पँट सोबत पाठवतोय. कमरेत सोडून दे. शिवणीत माया ठेवली असशीलच.

शेवटच्या गाण्यातला लांब सूर आता मी पियानोवर घेतो. तिला धाप लागते. डासांसाठी बागेत धूर करतात, त्याने असेल.

पाठ सरळ ठेवतोय. हे लिहितानाही.

स्टाफान


सुंद्सव्हाल, १८ जुलै

प्रिय आत्या,

तेरा सप्टेंबरला शनिवारी टीव्ही! गोथेनबर्गहून, थेट! अख्खा देश बघणार. आठ मिनिटं आमची. पांढरा पोशाख हवा, उंच गळ्याचा, पूर्ण बाह्यांचा. मापं मागच्या पानावर आहेत. दोनदा घेतली, चूक नाही.

बाह्या पूर्ण यासाठी की मला थंडी वाजते. हसू नकोस. सगळे नदीत पोहतायत आणि मी स्टाफानचा लोकरी स्वेटर घालून काठावर बसलेय. ढोलवाला म्हणतो, मला पाहून त्याला नाताळची आठवण येते.

काल हॉटेलच्या स्वयंपाकघरात घुसून मी सगळ्यांसाठी पॅनकेक केले. एकेचाळीस. तुझी ती वेलदोडा घातलेल्या पावाची कृती पाठव ना, गुरुवारी करीन म्हणते. स्टाफान म्हणतो, मी त्याला विकायला काढण्यासाठी पोसतेय.

मी? मी करता करता खाल्ले. करणाऱ्याचं पोट वासानेच भरतं, तूच म्हणायचीस.

डबीच्या झाकणातलं कात्रण पावडरीने पुसट झालंय. पाठ आहे, त्यामुळे काही बिघडत नाही.

गुनेल


बोरोस, २६ जुलै

गुनेल,

मी असं म्हणायचे ते उरलेला पाव मला हवा असायचा म्हणून. ते तू शास्त्र समजलीस.

आता ऐक. तुझ्या मापाने काल पुतळा करायला बसले. मोजे गेले, कापूस गेला, तुझ्या आजीच्या जुन्या परकराच्या चिंध्या गेल्या. खाली लाकूड लागलं. टेप लावली, तर लाकूडच तुझ्यापेक्षा जाड! हा पुतळा कारखान्यातला सर्वांत लहान आहे, शाळकरी मुलींचे कपडे शिवायचा. तेव्हा आता दोनच गोष्टी शक्य आहेत. एकतर मी रंधा आणून पुतळा तासायचा, नाहीतर तुझी टेप कामातून गेलीय.

रंधा मला चालवता येत नाही. सोबत नवी टेप पाठवतेय, पिवळी. जुनी मला परत पाठव. नव्याने माप घे, आणि श्वास आत ओढून नव्हे.

पावाची कृती देणार नाही. इथे ये, खा, आणि मग घेऊन जा.

आत्या


उमिओ, ९ ऑगस्ट

प्रिय आत्या,

जुनी टेप सोबत आहे. गुनेलने माझ्याकडे फेकली आणि म्हणाली, ‘घे, तिला दे, टेपला शिक्षा कर म्हणावं.’ पिवळीने माप घेतलं का विचारलं तर विषय बदलला. मागे लागलो तर खोलीचं दार लावून घेतलं.

एक गंमत सांगतो. काल दुसऱ्या गाण्यात तिने हात वर केला आणि पाठीवरचा एक चिमटा उडाला. पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थाच्या कॉफीत पडला. त्यांनी तो काढला, रुमालाने पुसला आणि कार्यक्रम संपल्यावर सही घ्यायला आले. ‘हा तुमचा का?’ गुनेलने चिमट्यावर सही करून दिली. तरी सहा उरले होते, म्हणून पोशाख जागेवर राहिला.

पँटबद्दल आभार. आता श्वास घेता येतो.

स्टाफान


बोरोस, १४ ऑगस्ट

स्टाफान,

एक पडून सहा उरले, म्हणजे सात होते.

मी स्वयंपाकघरात एक पोशाख माझ्याच पाठीवर चिमटून पाहिला. एका चिमट्यात दीड-दोन सेंटीमीटर कापड जातं. मी चार घातले होते. चाराला दोन चिमटे पुरतात, फार तर तीन. बाकीचं कापड कुणाचं? हा हिशोब तू जूनमध्ये बरोबर म्हणालास आणि मीही पत्र वाचून हसले.

मग जुनी टेप घेतली. कारखान्यात कापणीच्या टेबलावर पोलादी पट्टी ठोकलेली आहे, तिच्याशेजारी ताणून ठेवली. दीडशे सेंटीमीटर. केसाचाही फरक नाही. शेजारच्या बाईला बोलावून तिच्याकडून पुन्हा मोजवली. टेप सुतळीसारखी मळलीय, पण लांबलेली नाही.

म्हणजे पोरगी वर्षभर खरं लिहीत होती आणि मी ते खोटं धरून शिवत होते. पोशाख सैल आला की तिला वाटायचं, आणखी उतरले. मग ती आणखी उतरायची. मी पुन्हा चार घालायचे. तिला मी चिडवत होते आणि त्याच हाताने ढकलत होते.

धूर कसला आणि डास कसले. कार्यक्रम थांबव आणि तिला घेऊन ये.

आत्या


लुलिओ, १९ ऑगस्ट

आत्या,

थांबवता येत नाही म्हणून लिहायला बसलो होतो. तीन कार्यक्रम आणि टीव्ही, मग थांबू, असं अर्धं पान लिहिलं होतं. ते फाडलं.

काल ती मंचाच्या पायरीवर बसली आणि उठलीच नाही. चक्कर नाही म्हणाली, बूट चावतोय म्हणाली. मी तिला उचलून गाडीत ठेवलं. आत्या, पियानोचं स्टूल मी रोज उचलतो. ते जड आहे.

इथल्या डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाले, गाणाऱ्या मुली अशाच असतात, झोप काढा. ती मला म्हणाली, ‘बघ, डॉक्टर आत्यापेक्षा शहाणे आहेत.’

मी काही बोललो की ती गाणं गुणगुणते. माझंच गाणं. तिच्याशी काय बोलायचं ते मला कळत नाही. आमचं सगळं बोलणं चेष्टेतच होतं, तू तसंच शिकवलंस. तू लिही.

पाठीचं विचारू नकोस.

स्टाफान


बोरोस, ३० ऑगस्ट

गुनेल,

पार्सल उघडलंस तर त्यात दोन गोष्टी असतील.

पहिली, टीव्हीचा पांढरा पोशाख. उंच गळा, पूर्ण बाह्या. तुझ्या मापाने शिवलाय. पुतळ्यावर बसेना, म्हणून टेबलावर पसरून हाताने शिवला. यात मी एक सेंटीमीटरही वर घातलेला नाही. आजवर घालत होते. चार, प्रत्येक पोशाखात, वर्षभर. मला वाटलं होतं तुझी टेप लांबलीय. लांबली नव्हती. तू खरं सांगत होतीस आणि मी शहाणपणा करत होते. तेव्हा तुझे पोशाख सैल आले त्यातले चार सेंटीमीटर माझे आहेत. ते तू मिळवलेले नाहीत. ते मला परत दे.

या पोशाखाला चिमटा लागणार नाही. तो घाल आणि एकदा आरशाकडे पाठ करून मान वळवून बघ. इतके महिने तू लोकांना पाठ दाखवली नाहीस. तूही पाहिली नसशील.

दुसरी, पिठाची पिशवी. पीठ नाही, घाबरू नकोस. पुतळ्यावरून या उन्हाळ्यात जे उतरवलं ते आहे. मोजे, कापूस, आजीचा परकर. पोस्टातल्या माणसाने वजन केलं आणि विचारलं, ‘काय आहे?’ मी म्हटलं, ‘भाची.’ तो म्हणाला, ‘मग विमा उतरवा.’ उतरवला.

तू केकची ताटली घेऊन टेबलाखाली बसली होतीस, तेव्हा मी तुला हसले. दहा वर्षं हसतेय. आता सांगते, त्या दिवशी मीही खाली बसायला हवं होतं, चमचा घेऊन.

टीव्हीवर गायचं की नाही ते तू ठरव. इथला पलंग अंथरलाय. पावाची कृती डोक्यात आहे, ती पोस्टाने जात नाही.

आत्या


गोथेनबर्ग, ९ सप्टेंबर

आत्या,

तुझं पत्र वाचून मी पिशवी खिडकीतून फेकणार होते. खिडकी उघडेना. हॉटेल नवीन आहे.

मी चिडलेय. वर्षभर तू माझ्या मापांवर विश्वास ठेवला नाहीस आणि हसत राहिलीस. मी खरं लिहीत होते. तुला एकदा तरी घाबरवावं म्हणून लिहीत होते की काय, ते आता माझं मलाच आठवत नाही.

पोशाख घातला नाही. हँगरला टांगून ठेवला. सकाळी खोली साफ करायला बाई आल्या, चादर बदलता बदलता म्हणाल्या, ‘किती गोड आहे! मुलीचा का? कितवीत आहे?’

मी म्हटलं, ‘सातवीत.’

‘गाते का?’

‘गायची,’ मी म्हटलं.

त्या गेल्यावर दार लावून घातला. बरोबर बसला. मागची सगळी बटणं लागली. तू सांगितलंस तशी मान वळवून बघितली. पाठीवर मणके मोजता येत होते, आत्या. कापडातून.

पावडरची डबी उघडली आणि झाकण बंद केलं. मग स्टाफानला हाक मारली. त्याला पाठ दाखवली. तो म्हणाला, ‘मी शनिवारी वाजवणार नाही. तू एकटी गाणार असशील तर गा.’ मी म्हटलं, ‘भित्रा आहेस.’ तो म्हणाला, ‘आहे.’ आणि माझ्या टेबलावरचा केक त्याने पहिल्यांदाच खाल्ला नाही.

टीव्हीच्या लोकांना त्याने कळवलंय. ते ओरडले. मीही त्याच्यावर ओरडले. मग तिकीट काढायला सांगितलं.

शुक्रवारी संध्याकाळच्या गाडीने येतेय. मला जेवायला बसवून माझ्याकडे बघत बसायचं नाही. केकचं नाव काढायचं नाही. आणि कोबीचं तर नाहीच.

गुनेल


बोरोस, शनिवार, १३ सप्टेंबर

स्टाफान,

ती आली. सप्टेंबरात हिवाळी कोट घालून. स्टेशनवर मी तिच्या पुढून निघून गेले, ओळखलंच नाही. तिने मागून हाक मारली, ‘आत्या, चष्मा पूस.’

घरी सूप केलं होतं. तीन चमचे घेतले आणि वाटी लांब सारली. मी बघत नव्हते. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. ती म्हणाली, ‘कॅलेंडर ऑगस्टचं आहे.’ मग दोघींनी थोडं रडून घेतलं. ते तुला सविस्तर सांगणार नाही, तू गाणं करशील.

जुन्या टेपने माप घेतलं. तिने आकडा वाचला, मी लिहिला, जसा होता तसा. सोमवारी इथल्या मोठ्या रुग्णालयात एका डॉक्टर बाईंकडे वेळ घेतलीय. लोहाच्या गोळ्या देऊन पाठवलं तर मी तिथून उठणार नाही. तिला जायचं नाहीये. कोट मात्र दाराशी काढून ठेवलाय. किती दिवस लागतील ते मला विचारू नकोस. मला फक्त कापडाचं कळतं.

आज तुमच्या आठ मिनिटांत कुत्र्यांच्या कसरती दाखवणार आहेत असं पेपरात आलंय. तू सरळ इकडे ये. पँट आणखी सोडावी लागेल का ते बघते.

सकाळी सात वाजता ती उठली. ओटची लापशी मी दोघींना वाढली, वर लिंगॉन बेरींचा मुरंबा. मुरंबा तिने बाजूला काढला. लापशी अर्धी खाल्ली, पाऊण तास लागला. उरलेली मी खाल्ली. मग तिने पिशवीतून एक मोजा काढला, पुतळ्याकडे गेली आणि कमरेला गुंडाळला. तो राहीना. मी टाचणी दिली.

आत्या